उणे एकचा घोटाळा

मोठी फाइल ठरावीक संख्येच्या तुकड्यांत विभागणारे एक छोटेसे मुक्तस्रोत साधन मी रोजच्या कामात वापरतो. ते सी भाषेत लिहिलेले आहे आणि तुकडे किती हवेत हे सांगण्यासाठी त्याला कमांड लाइनवर एक आकडा द्यावा लागतो. एकदा माझ्याच शेल स्क्रिप्टमधली वजाबाकी चुकली आणि त्या जागी उणे एक गेला. साधनाने ना तक्रार केली, ना वापर कसा करायचा ते सांगितले. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (आपली नसलेली मेमरी हाताळल्याने प्रोग्राम मारला गेला) एवढे दोन शब्द उमटले आणि कारभार आटोपला. चूक माझी होती हे मान्य, पण चुकीचा आकडा मिळाल्यावर प्रोग्रामने तोंडावर आपटावे हे काही मला पटले नाही. म्हणून मी स्रोत उतरवून घेतला आणि रविवारची सकाळ त्यात घातली.

डीबगरने जी ओळ दाखवली ती अगदी निरागस होती. एका लूपमध्ये प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि लांबी एका तक्त्यात नोंदवली जात होती, आणि त्या तक्त्यासाठी मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने मागितलेली मेमरी मिळाली की नाही याची तपासणीही वर व्यवस्थित केलेली होती. खरी गोम बरीच आधी होती. आकड्याचा मजकूर संख्येत बदलण्यासाठी लेखकाने स्ट्रटूल हे प्रमाण फंक्शन वापरले होते. हे फंक्शन चिन्हरहित संख्या देते, त्यामुळे उणे चिन्ह दिसताच ते नकार देईल असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षात ते उणे चिन्ह खुशाल स्वीकारते आणि शून्याखालची संख्या गाडीच्या मीटरसारखी सर्वांत मोठ्या आकड्याकडे उलटी फिरवून परत करते. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर उणे एकचे त्यामुळे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात आणि कुठेही चुकीची खूण उमटत नाही. लेखकाने तक्त्यात शेवटची एक जादा नोंद ठेवण्यासाठी या संख्येत एक मिळवला होता. ती बेरीज पुन्हा शून्यावर आली, प्रत्येक नोंदीचे सोळा बाइट धरून शून्य गुणिले सोळा म्हणजे शून्यच, आणि ग्नूच्या सी लायब्ररीतला मॅलॉक शून्य बाइट मागितले तरी एका लहानशा जागेचा वैध पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतो. म्हणजे मेमरी मिळाल्याची तपासणी उत्तीर्ण झाली आणि लूप मात्र त्या टीचभर जागेत अब्जावधी नोंदी लिहायला निघाला.

इथे मी पहिली चूक केली. बेरीज शून्य आली तर तिथेच थांबायचे, अशी दोन ओळींची तपासणी मॅलॉकच्या आधी घातली आणि पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवून दिला. मेंटेनरचे, म्हणजे ते साधन सांभाळणाऱ्यांचे, उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मला एक धन संख्या देऊन पाहायला सांगितली: ११५२९२१५०४६०६८४६९७५. हिच्यात एक मिळवला की दोनचा साठावा घात होतो, त्याला सोळाने गुणले की गुणाकार चौसष्ट बिटांच्या बाहेर सांडतो आणि हाती पुन्हा शून्य उरते. माझी तपासणी बेरजेची होती, गुणाकाराची नव्हे, त्यामुळे साधन पूर्वीसारखेच कोसळले. उणे दोन दिल्यावर तर आणखी मजा होती: प्रोग्राम कोसळत नव्हता, पण ‘मेमरी पुरत नाही’ असे सांगून बाहेर पडत होता. माझ्या यंत्रातली बहुतेक मेमरी त्या वेळी मोकळी होती. कोसळणे थांबले म्हणजे दुरुस्ती झाली असे धरले असते, तर हे धादांत खोटे उत्तर मी तसेच राहू दिले असते.

दुसरा पॅच मग मजकुराची संख्या होते त्या उंबरठ्यावरच बसवला. आधी उणे चिन्ह असेल तर सरळ नकार द्यायचा. स्ट्रटूलला हाक मारण्यापूर्वी एररनो हा चुकीची खूण ठेवणारा चल शून्य करायचा, कारण ते फंक्शन यशस्वी झाले तरी जुनी किंमत पुसत नाही. वाचन जिथे थांबले तो पॉइंटर सुरुवातीलाच अडकलेला असेल तर अंक मुळात नव्हतेच, आणि मजकुराच्या शेवटापर्यंत पोहोचला नसेल तर मागे काहीतरी शेपूट आहे, जसे ‘१२ढ’ मध्ये. दोन्ही ठिकाणी नकार. शिवाय तुकड्यांची संख्या फाइलमधल्या बाइटांहून मोठी असण्याला काही अर्थ नाही, तेव्हा ती वरची मर्यादा झाली. आणि मॅलॉकच्या जागी कॅलॉक आला, जो गुणाकार सांडतो की काय हे स्वतः पाहतो. उणे एक आला तर मुकाट्याने एक धरावा, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला होता. तो मी सोडून दिला, कारण ज्या स्क्रिप्टने उणे एक पाठवला तिचा हिशेब चुकलेला आहे आणि ते तिच्या मालकाला कळायलाच हवे.

असले इनपुट देणार तरी कोण, हा प्रश्न अशा दुरुस्त्यांच्या वेळी हमखास निघतो. मला त्यावर नेहमी एक बॅकस्लॅश (\ हे तिरके चिन्ह) आठवतो. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २००८ साली क्ली नावाचे साधन ग्नू कोअरयुटिल्स या मूलभूत आज्ञांच्या संचावर चालवले. कोणत्या इनपुटाने प्रोग्राम कोणत्या वाटेला जाईल हे ते साधन गणिताने शोधून काढते. ज्या आज्ञा जगभर रोज चालतात त्यांच्यात त्याला प्रोग्राम पाडणाऱ्या दहा चुका सापडल्या आणि त्यांतल्या तीन पंधरा वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. फाइलींच्या ओळी शेजारी शेजारी जोडणाऱ्या पेस्ट या आज्ञेला विभाजक म्हणून नुसता एक बॅकस्लॅश दिला की ती कोसळत होती. बॅकस्लॅशनंतर आणखी एक अक्षर असणारच, असे गृहीत धरून कोड पुढे पाऊल टाकत होता आणि त्या पावलाखाली मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट होता. तो ओलांडला की पुढे वाचायचे कुठवर, हे सांगणारे कोणी उरत नाही.

नेमका हाच प्रकार २६ जानेवारी २०२१ रोजी प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या सुडोत उघड झाला, आणि तिथे तो कोसळण्यापुरता राहिला नाही. शेलच्या पद्धतीने आज्ञा चालवताना सुडो आधी विशेष चिन्हांपुढे बॅकस्लॅश लावतो आणि नंतर एका वेगळ्या ठिकाणी ते काढून टाकतो. सुडोएडिट या नावाने हाक मारली की विशिष्ट पर्यायाबरोबर लावण्याची पायरी गाळली जायची आणि काढण्याची तेवढी व्हायची. आर्ग्युमेंटच्या (आज्ञेबरोबर दिलेल्या मजकुराच्या) शेवटी एकटा बॅकस्लॅश असला की काढणारा लूप शून्य बाइटवरून उडी मारून पलीकडची मेमरी बफरमध्ये (राखून ठेवलेल्या जागेत) ओतत राहायचा, आणि बफर मोजलेला असायचा मूळ लांबीपुरता. यातून यंत्रावरचा साधा वापरकर्ता रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता. ही चूक जुलै २०११ मध्ये शिरली होती. जिला मी सुरुवातीला ‘असे कोण लिहील’ म्हणून हसलो असतो, ती ओळ जवळजवळ दहा वर्षे कोणी लिहिलीच नव्हती, एवढेच.

सुडोसारखेच काम करणाऱ्या पीकेएक्झेकची गोष्ट याहूनही विचित्र आहे, कारण तिथे चुकीचे आर्ग्युमेंट नव्हते, आर्ग्युमेंटच नव्हते. प्रोग्रामला स्वतःचे नाव तरी पहिल्या जागी मिळतेच, असे सी लिहिणारे आपण सगळेच धरून चालतो. लिनक्समध्ये मात्र ती यादी पूर्ण रिकामी ठेवूनही प्रोग्राम सुरू करता येत असे. पीकेएक्झेकमधला लूप एकपासून मोजायला लागायचा, यादीत काहीच नसल्यामुळे लगेच थांबायचा आणि मग पहिल्या आर्ग्युमेंटच्या जागेवरचा मजकूर वाचून तिथेच परत लिहायचा. ती जागा यादीबाहेरची, आणि मेमरीत तिला लागूनच पर्यावरण चलांची (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नावे-किमतींची) यादी सुरू होते. त्यामुळे सुरक्षेसाठी आधी गाळून टाकलेले चल आत पुन्हा जिवंत करता येत होते. मे २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची ही चूक जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली. दुरुस्ती मूलतः एवढीच, की यादी रिकामी असेल तर बाहेर पडा; आणि लिनक्स ५.१८ पासून कर्नलच (लिनक्सचा गाभाच) अशा वेळी यादीत एक रिकामा मजकूर भरून ठेवतो.

जाता जाता, आपल्या लिपीशी थेट संबंध असलेला एक धोका. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर २२४, १६४ आणि १४९ अशा तीन बाइटांत बसते. आपल्या नेहमीच्या पीसीवर सीमधला कॅर हा प्रकार सहसा चिन्हासह असतो, म्हणून तेच बाइट उणे ३२, उणे ९२ आणि उणे १०७ होतात. अक्षर आहे की अंक हे तपासणाऱ्या प्रमाण फंक्शनांना असा उणे आकडा थेट दिला, तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. ग्नूची लायब्ररी ते सांभाळून घेते, पण मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत तिथेच असर्शन, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली गृहीतकाची तपासणी, फुटते. मराठी नावाची फाइल दिल्यावर एखादे साधन कोसळले तर मी सगळ्यात आधी हीच जागा पाहतो.

चुकीचा संदेश लिहिण्यातही खाचखळगे आहेत. वापरकर्त्याने काय दिले ते अवतरणात दाखवावे, प्रोग्रामचे नाव आधी लिहावे आणि हे सगळे प्रमाण आउटपुटवर न पाठवता चुकांच्या वाहिनीवर पाठवावे, हे झाले नेहमीचे. पण वापरकर्त्याचा मजकूर प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला साचा म्हणून देऊ नये हे विसरले, तर त्यातली टक्केवारीची चिन्हे आज्ञा बनतात. सुडोच्याच डीबग संदेशात प्रोग्रामचे नाव असे साच्यात शिरले होते आणि ते २०१२ च्या जानेवारीत दुरुस्त करावे लागले.

माझा दुसरा पॅच मेंटेनरनी तपासला तेव्हा कोडवर आक्षेप नव्हता, पण मी जोडलेली चाचणी त्यांनी परत पाठवली. उणे एक दिल्यावर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा; शून्य म्हणजे सारे ठीक) शून्य नसावा, एवढेच ती पाहत होती. सेगमेंटेशन फॉल्टने मेलेल्या प्रोग्रामचा कोड शेलमध्ये १३९ दिसतो, १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११. तोही शून्य नाहीच. म्हणजे माझी चाचणी जुन्या, कोसळणाऱ्या कोडवरही हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, दिसत होती. मी ती बदलून एक्झिट कोड नेमका दोन आहे का आणि संदेशात ‘-१’ आहे का हे पाहायला लावले, जुन्या कोडवर चालवून ती लाल होते याची खात्री करून घेतली, आणि तिसऱ्यांदा पाठवली.