मोटरहोमचा गिअरबॉक्स, एक कोड आणि दोघांची टोलवाटोलवी

चालत्या मोटरहोमचा (म्हणजे चाकांवरच्या घराचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकाच गिअरला अडकायचा, डॅशवर दिवा पेटायचा, गाडी बंद करून परत चालू केली की एकदम ठणठणीत. स्कॅनरवर फॉल्टचा कोड पी०५६२, म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. इथवर सोपं होतं.

पुढे डोकं फिरलं. घराची बॉडी बांधणारे म्हणे हा चेसिसचा प्रॉब्लेम, चेसिसवाले म्हणे बॉडीवाल्यांनी आमच्या वायरिंगला हात लावलाय, तिथेच जा. महागडी गाडी घ्या आणि दोघांच्या मध्ये चेंडू बना! आणि त्यातल्या एकाने तर एकही कनेक्टर न उघडता नवीन कंट्रोल मॉड्यूलचं (गिअरबॉक्स चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं) कोटेशन काढून दिलं. कोड व्होल्टेजचा आहे हो, मॉड्यूल मेल्याचा नाही. कोड पुसायच्या आधी फोटो मात्र काढून ठेवा, नंतर कोणी मान्य करत नाही.

बॅटरीवर १२.६ दिसत होतं, अर्थच्या वायरला मीटर लावला की बीप, मग सगळं ओके म्हणून हात झटकायचे. पण वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप करतो! लोड टाकूनच बघावं लागतं. मी मॉड्यूलचा कनेक्टर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला, तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कनेक्टरच्या अर्थला. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं, आलं दीडच्या वर. फ्रिज १२ व्होल्टवर टाकला की आणखी वाढायचं, आणि तो तसा चालवायचा प्रवासातच, म्हणूनच फॉल्ट प्रवासातच यायचा.

ती अर्थची वायर चेसिसच्या पट्टीवरच्या एका बोल्टला जात होती. बोल्ट सोडवला तर खाली चेसिसवाल्यांची लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), वर बॉडीवाल्यांच्या लग्ज एकावर एक चढवलेल्या, मध्ये हिरवी पावडर आणि सगळ्यात खाली चेसिसचा रंग जसाच्या तसा, खरवडलेलासुद्धा नाही. म्हणजे दोघंही त्याच बोल्टवर!

रंग घासून लोखंड उघडं केलं, लग नवीन क्रिम्प केल्या, घराकडच्या अर्थला वेगळा बोल्ट दिला, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. ड्रॉप ०.१ च्या खाली आला, कोड परत आलेला नाही.

हां, कनेक्टर काढायच्या आधी बॅटरी सोडवा, बल्बच्या टेस्टपुरती परत जोडा, आणि त्याच्या फीमेल पिनमध्ये मीटरचा जाड प्रोब कोंबू नका, पिन सैल होते आणि नवीनच फॉल्ट पदरात पडतो. आणि कोड कम्युनिकेशनचा असेल तर बॅटरी सोडवलेली असतानाच कॅन हाय आणि कॅन लो (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) मध्ये रेझिस्टन्स मोजा, ६० ओहमच्या आसपास हवा, १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनीत नाही.