माळ्यावरचे चौकोन

पावसाळ्यात दोन दिवस घरात अडकलो आणि मला माळा आवरायची सुरसुरी आली. एकूण नऊ खोकी निघाली, शिवाय आईची पत्र्याची ट्रंक. दर दिवाळीला चकलीचा सोऱ्या शोधायचा म्हणजे शिडी, धूळ, शिंका आणि आईची "मी म्हटलं होतं ना, खुणेचं काहीतरी लिहून ठेव" ही टेप, म्हणून यावेळी म्हटलं आपण आधुनिक व्हायचं. प्रत्येक खोक्यातल्या वस्तूंचे फोटो काढले, यादी केली, ऑनलाइन टाकली आणि एका फुकटच्या साइटवरून क्यूआर कोड बनवून प्रिंट काढून चिकटपट्टीने डकवले. खाली उभं राहून मोबाईल वर धरायचा की खोक्याच्या पोटातलं सगळं दिसणार! पाहुण्यांना डेमो पण देऊन झाला, हो उगाच खोटं कशाला बोला.

गंमत म्हणजे हा चौकोन जन्माला आलाच मुळी खोक्यांसाठी. १९९४ साली जपानमध्ये, डेन्सो नावाच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये माहिती मावते थोडी, त्यामुळे एकेका खोक्यावर ढीगभर बारकोड, ते स्कॅन करून कामगार वैतागलेले. मासाहिरो हारा या इंजिनियरला गो नावाच्या पटावरच्या खेळातल्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या बघून सुचलं की माहिती आडवी-उभी दोन्हीकडे भरता येईल. कोपऱ्यातले ते तीन मोठे चौकोन असतात ना, ते मशीनला "मी इथे आहे" सांगायला. त्यांच्या मधोमध रेघ मारली तर काळ्या-पांढऱ्या-काळ्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या रुंदीचं प्रमाण १:१:३:१:१, आणि ते ठरवायला या लोकांनी मासिकं, जाहिराती, खोकी असलं छापील सामान धुंडाळून कुठलं प्रमाण सगळ्यात कमी सापडतं ते शोधलं. मला हे भयंकर आवडलं. आणि पेटंट असूनही लोकांना वापरू दिलं, म्हणून तर आज भाजीवाल्याच्या हातगाडीवर पण तो लटकलेला असतो.

आपल्याकडे याचा सगळ्यात गोड उपयोग मला वाटतो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, म्हणजे कवितेच्या पानावर मोबाईल धरला की कविता ऐकू येणार. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकले! पण ते कोड चालतात कारण मागे कुणीतरी व्हिडिओ करतं, ऑडिओ भरतं, जागेवर ठेवतं.

माझ्या माळ्यामागे कोणी नव्हतं. दिवाळीच्या आधी आठ दिवस आईने सोऱ्या मागितला, मी ऐटीत मोबाईल धरला तर यादीच्या जागी "तुमची ट्रायल संपली आहे, प्लॅन घ्या". नऊच्या नऊ खोक्यांवर तेच! मग कळलं की त्या चौकोनात माझ्या यादीचा पत्ता नव्हताच, त्या साइटचा पत्ता होता, आधी त्यांच्या दारात जायचं आणि मग त्यांनी आपल्याला पुढे सोडायचं. याला म्हणे डायनॅमिक कोड. यादी दुसरीकडे हलवली तरी स्टिकर बदलावा लागत नाही हा फायदा, आणि दाराची किल्ली त्यांच्याकडे हा उरलेला भाग.

बरं, चौकोन स्वतः काटक आहे हं. एका खोक्यावरचा कोड कोपऱ्यात उंदराने कुरतडला होता, वर तेलाचा डाग, तरी पठ्ठ्या पटकन स्कॅन झाला. त्यात हिशोबच असा पेरलेला असतो की दुरुस्तीची सगळ्यात वरची लेव्हल निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. म्हणजे उंदीर, तेल, धूळ सगळ्यातून तावून सुलाखून तो मला इमानेइतबारे त्या बंद दारापर्यंतच नेत होता.

आता नवीन केलेत. लिंक वगैरे काही नाही, यादीच थेट चौकोनात भरली, नेट नसलं तरी चालतं. देवनागरीत मात्र एकेक अक्षर तीन बाइट जागा खातं, आणि प्रत्येक काना-मात्रेचे आणखी तीन वेगळे, त्यामुळे "पुरणयंत्र, मोदकपात्र, शंकरपाळ्यांचं कातणं" एवढं लिहिलं तरी चौकोन रांगोळीसारखा दाट होतो.

हां, सोऱ्या राहिलाच. नऊ खोकी आणि ट्रंक उपसली, घरभर धूळ, सोऱ्या नाही. शेवटी आईला आठवलं, गणपतीच्या आधी शेजारच्या काकू येऊन घेऊन गेल्या होत्या. मी ऑफिसला गेल्यावर शिडी लावून तिनेच काढून दिला होता. वर मलाच म्हणते, "का रे, तुझ्या त्या चौकोनात एवढं पण आलं नाही?"