त्र्याहत्तर मीटर

४ फेब्रुवारी, रात्री

वर तारीख टाकली आणि पुन्हा थाम्स आठवला. १९२४ साली याच दिवशी फ्रान्समधल्या शामोनीला स्की-उडीची, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून झेपावण्याची, स्पर्धा झाली आणि नॉर्वेचा याकोब तुलिन थाम्स जिंकला. ऑलिंपिकचा पहिला स्की-उडी विजेता. गंमत म्हणजे त्या दिवशी त्याला हे ठाऊकच नसणार, कारण तेव्हा तो नुसता 'हिवाळी क्रीडा सप्ताह' होता. ऑलिंपिकचा शिक्का मागाहून बसला. तिसऱ्या क्रमांकाचा घोळ तर पन्नास वर्षं मुरला. गुणांची बेरीज चुकली होती, ते १९७४ मध्ये लक्षात आलं आणि थुर्लाइफ हॉगचं कांस्यपदक त्याच्या मुलीने खऱ्या तिसऱ्याच्या, म्हाताऱ्या आंडेर्स हॉगेनच्या, हातात दिलं. हॉग तोवर कधीच गेलेला.

पण मला थाम्सचा कमरेतला बाक जास्त आवडतो. त्याआधीचे उडी मारणारे हवेत ताठ उभे असत, फोटोसाठी उभं राहावं तसे. थाम्स आणि सिगमुंड रूड यांनी कमरेत वाकून, छाती पुढे झोकून, हात पुढे ताणून उडायला सुरुवात केली. दोन्ही स्की समांतर. या पद्धतीला नाव पडलं रूडच्या गावाचं, कोंग्सबर्ग. थाम्स ऑस्लोचा, त्याचं गाव राहिलंच! ही पद्धत १९५० च्या दशकापर्यंत चालली. १९२६ मध्ये फिनलंडमधल्या लाहटीला थाम्स जागतिक स्पर्धाही जिंकला.

आणि मग १९२८, सेंट मोरिट्झ. हे वाचताना दरवेळी पोटात गोळा येतो.

उडीआधी उतारावरून जी धाव घ्यायची, ती किती लांब ठेवायची यावरून तिथे वाद पेटला. लांब धाव म्हणजे जास्त वेग. नॉर्वेवाल्यांना ती आखूड हवी होती, यजमान स्विस मंडळींना लांब. पहिली फेरी आखूड धावेवर झाली. मग टोमणे सुरू झाले, घाबरलात म्हणून. दुसऱ्या फेरीला सुरुवातीची जागा वर सरकवली आणि थाम्स सुटला तो थेट ७३ मीटरवर.

लांब गेला म्हणजे चांगलं, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. उडी मारणारा जिथे उतरतो तिथला डोंगर तीव्र उताराचा असतो, म्हणून पाय टेकले तरी शरीर उताराच्या दिशेनेच घसरत राहतं आणि धक्का फार बसत नाही. त्या पट्ट्याच्या पलीकडे जमीन सपाट होत जाते. थाम्स तिकडे उतरला आणि आपटला. सगळ्यांत लांब उडी त्याची, क्रमांक अठ्ठाविसावा.

मामाच्या मळ्यातली विहीर आठवली. 'भित्री भागूबाई' म्हणत वरून पोरं ओरडत होती आणि मी थारोळ्यावरून डोळे मिटून उडी टाकली होती. सूर मारायचा होता, पडलो पोटावर. दोन दिवस पोट लालबुंद. कोणाला भित्रा म्हणणं इतकं स्वस्त का असतं कोण जाणे. म्हणणाऱ्याला उडी मारायची नसते, एवढं नक्की.

थाम्सचं पुढे काय झालं, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. तो १९३६ च्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सापडला, तोही शिडाच्या नावेत! बर्लिन ऑलिंपिकच्या नौका-शर्यती कीलच्या समुद्रात झाल्या. आठ मीटर वर्गातल्या नॉर्वेच्या 'सिल्या' नावेवर सहा जण होते, त्यांतला हा एक. इटली पहिली, नॉर्वे दुसरी, जर्मनी तिसरी. हिवाळी आणि उन्हाळी दोन्हीकडे, वेगवेगळ्या खेळांत, पदक मिळवणारा त्याच्याआधी एकच होता, अमेरिकेचा एडी ईगन.

जेवण झाल्यावर शतपावली गल्लीतच केली, मोजून. १९२८ चा स्की-उडीचा विजेता आल्फ आंडेर्सन, त्याची मोठी उडी ६४ मीटरची. फाटकापासून निघालो तर ती इस्त्रीवाल्याच्या टपरीशी संपते. थाम्सची गिरणीच्या ओट्यापर्यंत जाते. मधे जेमतेम बारा-तेरा पावलं. दोनदा चालून पाहिली. गिरणीवाल्याने विचारलं, काही हरवलंय का.