खडूची बाथरूम

माझ्याकडे बाथरूम नव्याने करायचं काम घेऊन येणारी माणसं मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. त्या फोटोंत बादली नसते, आंघोळीचा मग नसतो, दोरीवरचा पंचा नसतो, गीझर कुठे दडवलाय ते दिसत नाही. मी फोटो बघते, छान आहे म्हणते आणि विचारते, उद्या सकाळी सातला आले तर चालेल का? लोक बावचळतात. पण बाथरूमचं खरं रूप ती ओली असतानाच दिसतं. दुपारी चारला पुसून ठेवलेल्या बाथरूमची मापं तेवढी मिळतात.

ठाण्यातल्या पाचपाखाडीतलं हे काम सुरू झालं ते टबवरून. बत्तीस-तेहतीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, टू बीएचके. मुलगा बँकेत, सूनबाई शाळेत शिक्षिका, सहावीतली नात आणि काकू, म्हणजे मुलाची आई. दोघांच्या बेडरूमला लागून असलेली बाथरूम साडेसात फूट बाय साडेचार फूट. तिच्या शेजारी बेडरूमच्या बाजूला दोन फूट खोलीचा कोनाडा होता, पूर्वी त्यात गोदरेजचं कपाट असायचं. हा कोनाडा आत घ्यायचा, बाथरूम मोठी करायची आणि टब बसवायचा, असा बेत. लोणावळ्याच्या कुठल्याशा रिसॉर्टमध्ये टब वापरून मुलगा त्याच्या प्रेमात पडला होता.

टबला मी लगेच नाही म्हणत नाही. हिशेब मांडते. पाच फुटी टब नीट भरायचा तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यांच्याकडे गीझर पंचवीस लिटरचा. त्यातलं साठ अंशांचं पाणी टाकीतल्या सत्तावीस अंशांच्या पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं चाळीस अंशांचं करा. साठ-पासष्ट लिटरवर गाडी थांबते. म्हणजे गीझर दुसऱ्यांदा तापेपर्यंत पहिलं पाणी निवणार. ‘दोन गीझर लावू,’ मुलगा म्हणाला. मग मी वजनावर आले. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, वर टब, वर माणूस. स्लॅब लगेच खाली येईल असं नाही, पण एवढ्या जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी असलं वजन चढवत नाही. शिवाय सोसायटीत रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालूच होत्या. नौपाडा-पाचपाखाडीत ज्या सोसायटीत त्या चालू नाहीत अशी मला दाखवाच. त्या मीटिंगांवर विसंबून लोक दहा-दहा वर्षं गळक्या बाथरूममध्ये आंघोळ करतात, हा भाग वेगळा.

कोनाड्याचा प्रश्न आणखी सरळ होता. बाथरूमची स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली सोडलेली असते. त्याला आम्ही संक म्हणतो. ड्रेनेजचे पाइप, ट्रॅप, कोबा सगळं त्या खड्ड्यात. कोनाड्याखाली संक नव्हता. संक संपला की ओली बाथरूम संपली, पुढे फार तर बेसिन आणि कपाट. तिथे टब किंवा शॉवर नेला तर खालच्यांच्या बेडरूमच्या छतावर पाणी खेळवल्यासारखं होतं. मधली भिंत मात्र चार इंची विटांची असल्यामुळे काढता येत होती. हेच घोडबंदरच्या एखाद्या मायव्हन टॉवरमध्ये, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभ्या केलेल्या इमारतीत, असतं तर तोही मार्ग बंद. तिथल्या भिंती सगळ्या आरसीसी, त्यांना छिन्नी लावणं म्हणजे इमारतीच्या हाडाला हात घालणं.

एवढं सांगूनही टब डोक्यातून जाईना, तेव्हा मी रविवारी सकाळी खडू घेऊन गेले.

ही माझी जुनी पद्धत. कागदावरचा प्लॅन शंभरातल्या नव्वद माणसांना कळत नाही, आणि थ्रीडी व्ह्यू तर निव्वळ फसवतो, कारण त्यातला कॅमेरा भिंतीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलेला असतो. चार फुटांची खोलीही त्यात हॉलसारखी दिसते. म्हणून मी फरशीवर खऱ्या मापाची बाथरूम आखते. त्यांच्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत गेला, टेप आणि काटकोनाचा गुण्या लावून मी चारी भिंती काढल्या. कमोडच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची. बेसिन म्हणून शिलाई मशीन. दरवाजा म्हणून टीव्हीचा खोका उलगडून नातीच्या हातात दिला. ती बिजागरी झाली.

पहिल्या पाच मिनिटांत टब गेला. मुलानेच खडूच्या टबभोवती एक चक्कर मारली, कमोडच्या खुर्चीवर बसला, त्याचे गुडघे टबच्या रेषेवर आले. काही न बोलता त्याने पायाने ती रेष पुसली.

मग दरवाजा. नातीने तो आत उघडला आणि खोका थेट बाबांच्या गुडघ्यावर. जुन्या इमारतींत हे हमखास असतं. बाथरूमचा दरवाजा बाहेर उघडणारा असावा, असं मी नेहमी सांगते. जागा वाचते म्हणून तर आहेच, पण आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणाऱ्या दाराला त्या माणसाचंच अंग आडवं येतं आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. सूनबाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

शॉवरचं नाटक मुलाने मनापासून केलं. टॉवेल खांद्यावर टाकून आत शिरला, डायव्हर्टर, म्हणजे शॉवर चालू करायचा नळ, फिरवल्याचा आव आणला. मी विचारलं, ‘आत्ता तुमच्या अंगावर काय पडलं?’ ‘गार पाणी,’ तो हसून म्हणाला. गीझरपासून शॉवरपर्यंतच्या पाइपात साचलेलं गार पाणी आधी बाहेर येतं, आणि शॉवरच्या बरोबर खाली डायव्हर्टर लावला की रोज सकाळी ते डोक्यावर घ्यावं लागतं. तो बाजूच्या भिंतीवर, आत शिरण्याआधी हात पोचेल असा घेतला. याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाही. फक्त पाइप टाकण्यापूर्वी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

काकू एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, ‘काकू, तुम्हीपण या की.’ त्या म्हणाल्या, ‘माझं काय त्यात, त्यांची बाथरूम आहे.’ नात मध्येच बोलली, ‘आजी, तू दुपारी जातेस ना तिकडे.’

तेव्हा कळलं ते असं. पॅसेजमध्ये संडास आणि बाथरूम वेगवेगळे, जुन्या पद्धतीचे, संडास भारतीय बैठकीचा. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना खाली बसताच येत नव्हतं. म्हणून त्या दिवसा मुलाच्या बेडरूममधला कमोड वापरायच्या. मी विचारलं, ‘आणि रात्री?’

‘रात्री मी पाणीच कमी पिते,’ काकू म्हणाल्या. ‘सातनंतर घोटभर, गोळीपुरतं. त्यांचं दार कशाला वाजवायचं.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गॅस संपत आलाय म्हणून चहा एकदाच टाकते, तितक्याच सहज सांगितलं. सूनबाई माझ्याकडे बघेनात. मुलगा म्हणाला, ‘आई, तू बोलली का नाहीस?’ त्यावर काकूंनी दिलेलं उत्तर मी लिहीत नाही, ते त्यांच्या घरातलं आहे.

पुढचा तास मात्र कामाचा गेला. मी काकूंना त्यांचं रोजचं सामान घेऊन यायला सांगितलं. त्या खरोखर बादली, तांब्या आणि आंघोळीचं ठेंगणं स्टूल घेऊन आल्या. खडूच्या कोपऱ्यात बसल्या. उजव्या हाताने तांब्या, डावा हात साबणासाठी लांबवला. तो जिथे थांबला तिथे नातीने टेप धरली. जमिनीपासून पावणेदोन फूट. मी साबणाचा कोनाडा चार फुटांवर काढला होता, उभ्याने आंघोळ करणाऱ्यासाठी. मग म्हटलं, उठा. काकू स्टुलावरून उठायला लागल्या, डावा हात हवेत शोधत गेला आणि माझ्या गुडघ्यावर घट्ट बसला. मी तशीच उभी राहिले आणि नातीला त्याचंही माप घ्यायला लावलं. पुस्तकात ग्रॅब बारची, म्हणजे आधाराच्या दांडीची, उंची तेहतीस-छत्तीस इंच दिलेली असते. ती उभ्या माणसाची. काकूंना बसल्या जागेवरून उठताना वीस इंचांवर आधार हवा होता, आणि पूर्ण उभं राहिल्यावर वरचा. म्हणून आडवी दांडी न घेता उभी घेतली, हात सरकवत वर नेता येईल अशी. अशी दांडी टाइलमध्ये नुसता प्लग मारून लावायची नाही. भिंत चार इंची असेल तर टाइलच्या आधीच त्या जागी काँक्रीटचा पट्टा भरून घ्यावा लागतो. टॉवेलच्या रॉडला ग्रॅब बार समजून लटकलेली आणि रॉडसकट खाली आलेली माणसं मी पाहिली आहेत.

कमोडचंही तसंच. बाजारातला साधा कमोड पंधरा-सोळा इंच उंच. गुडघे दुखणाऱ्याला अठरा बरा. खुर्चीखाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून आम्ही काकूंची उंची ठरवली. सूनबाई स्वतःहून येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मलाही हीच बरी वाटतेय, कंबर धरते माझी.’

बजेट तेवढंच राहिलं, फक्त फिरलं. टबचे, दुसऱ्या गीझरचे, काचेच्या मोठ्या पार्टिशनचे पैसे पॅसेजकडे गेले. संडास आणि बाथरूममधली भिंत काढून काकूंसाठी एक बाथरूम, आणि बेडरूमची आहे त्याच मापात. मी मध्ये एक पर्याय सुचवला होता, बेडरूमच्याच बाथरूमला पॅसेजमधून दुसरं दार. सूनबाईंचा चेहरा पडला, आणि काकूंनी तर हातच जोडले. ‘मला माझी वेगळी दे बाई. दोन दारांच्या खोलीत मी कुठल्या कड्या लावत बसू?’ बरोबरच होतं.

तोडफोड सुरू झाली तेव्हा जे अपेक्षित होतं तेच निघालं. कोब्याखालचा भराव डेब्रिजचा, विटांचे तुकडे पाण्याने फुगलेले, जुन्या जीआय, म्हणजे लोखंडी पाइपला हात लावला की पापुद्रे पडत होते. आमचा प्लंबर मूळचा ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. मुंबईतले कितीतरी प्लंबर त्याच जिल्ह्यातून आलेले. ठाण्यात इतकी वर्षं काढली आहेत की त्याचं मराठी आता माझ्या मुलापेक्षा बरं आहे. त्याने संकच्या तळाशी एक बारीक पाइप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, काढून ठेवला. हा स्पाउट. पुढेमागे वॉटरप्रूफिंग गेलंच तर पाणी आधी इथून ठिबकतं, खालच्यांच्या छताला डाग पडायच्या आत. दोनतीनशे रुपयांचा पाइप आहे, पण ज्या घरांत तो नाही तिथली भांडणं सहकार न्यायालयापर्यंत जातात.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांत सिमेंटचा वाटा म्हणजे गोलाई, शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वरपर्यंत कोटिंग. मग नहाणी ट्रॅपला बोळा मारून पाणी भरून ठेवलं आणि पाणी उतरतं का ते कळावं म्हणून त्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. चोवीस तास पुरतात असं म्हणतात, मी तीन दिवस ठेवते. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्या दिवशी भांडायच्या तयारीने वर आले. त्यांना आम्ही ती रेघच दाखवली आणि त्यांच्या छताचा कोरा फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून दिला. पुढचे दोन दिवस ते स्वतः वर येऊन रेघ बघून जात होते आणि मिस्त्रीला सूचना करत होते. फरशीचा ढाळ फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) की दीड, यावर त्या दोघांची चांगली जुंपली. काकूंच्या बाजूला मी एकच सूत ठेवला. जास्त ढाळावर स्टूल डगमगतं.

टाइल चढायच्या आधी मी प्रत्येक उघड्या भिंतीचे फोटो काढते, पाइपशेजारी टेप आडवी धरून, आणि ते प्रिंट करून घरच्यांना देते. गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. काकूंना गाऊन अडकवायला दाराजवळ एक हुक हवा होता आणि तो ड्रिल हातात घेऊन उभा होता. म्हटलं, मी दिलेले ते फोटो बाहेर काढा. गरम पाण्याचा पाइप चौकटीपासून सव्वा फुटावर दिसतोय? दिसतोय. मग त्याच्या अलीकडे, चौकटीपासून सात इंचांवर मारा, आणि आधी टाइलवर चिकटपट्टी लावा, बिट सरकतं.