चार बोटं मावतील असा कान

मी चाकावर मातीची भांडी करते आणि जमेल तेव्हा हस्तकला प्रदर्शनात स्टॉल लावते. कामात रोज काही ना काही घडतच असतं, पण एका प्रदर्शनातला एक दिवस असा गेला की त्यानंतर मी कपाला कान लावते ती पद्धतच बदलून गेली. तुला या छोट्या छोट्या स्वतंत्र कारागिरांच्या गोतावळ्यात एवढं काय आवडतं असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते, आज नीट लिहूनच काढते.

दुपारची वेळ होती, गर्दी ओसरली होती. एक काकू आल्या आणि एकेक कप उचलून बघायला लागल्या. लोक आधी रंग बघतात, मग उलटा करून खाली नाव कोरलंय का बघतात, कुणी कुणी नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात. या काकू त्यातलं काहीच करत नव्हत्या. दोन्ही हातांनी कप उचलायच्या, मग डावा हात हळूच सोडून उजव्यावर पेलतोय का बघायच्या, आणि लगेच खाली ठेवायच्या. तीन-चार कप झाल्यावर मी विचारलं, काकू, काही खास हवंय का? तर म्हणाल्या, "यातला सगळ्यात हलका कुठला?"

त्यांना संधिवात होता. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठ्याच्या मुळाशी तर गाठच आलेली. सकाळी गोळ्यांसोबत गरम पाणी प्यायचं असतं आणि कप एका हातात धरता येत नाही, दोन्ही हातांनी धरावा तर चटका बसतो. घरात प्लास्टिकचा एक हलका मग होता, तो त्यांना आवडत नव्हता. "मी आयुष्यभर क्रोशाचं काम केलंय, मला हाताने केलेली वस्तू हातात धरायला आवडते," असं म्हणाल्या. हे वाक्य ऐकल्यावर त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं मला शक्यच नव्हतं.

माझा पहिला विचार सरळ होता, पातळ भिंतीचा कप करायचा, वजन कमी. पण कपाचं वजन म्हणजे अर्धीच गोष्ट. साधारण मोठा कप घ्या, रिकामा तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, त्यात ३०० मिली पाणी म्हणजे आणखी ३०० ग्रॅम, आणि हा सगळा भार तुम्ही कशावर पेलता तर दोन बोटं कानात, अंगठा वरून दाबलेला. म्हणजे चिमटीत. आणि चिमटीतच तर त्यांना सगळ्यात जास्त दुखत होतं.

शेजारच्या स्टॉलवर लाकडी चमचे कोरणारे एक दादा होते, ते हे सगळं ऐकत होते. आमच्याकडे असंच असतं, स्टॉल वेगळे असले तरी कान एकमेकांच्या गिऱ्हाइकाकडे असतात, आणि त्यात चोरून ऐकण्यासारखं काही नसतं, उलट मदतच होते. ते उठून आले आणि मला म्हणाले, तुझ्याकडे माती आहे ना, थोडी काकूंच्या हातात दे, आणि काकू तुम्ही ती जशी धरावीशी वाटते तशी धरा, जोर लावू नका.

स्टॉलवर मी मळलेल्या मातीचा गोळा ठेवतेच, लहान मुलं आली की त्यांना द्यायला. त्याची जाडसर वळी करून दिली. काकूंनी मूठ मिटली आणि सोडली. मातीवर चार बोटांचा ठसा उमटला, पण सरळ नाही, करंगळीकडे तिरका उतरत गेलेला, आणि वर अंगठा टेकला होता तिथे एक खळगा. तो ठसा बघून मी गप्पच झाले. इतकी वर्षं कान लावतेय, डोळ्याला छान दिसेल असा बाक काढतेय, आणि इथे हात स्वतःच सांगत होता की मला असा कान हवाय.

दादांनी आपल्या पेटीतून ओल्या लाकडाचा एक तुकडा काढला. चमचे कोरणारे बरेचजण ओलं लाकूडच वापरतात, वाळलेल्यापेक्षा ते सुरीला खूप मऊ लागतं. आणि तिथेच, स्टॉलमागच्या खुर्चीवर बसून, मातीतला ठसा समोर ठेवून त्यांनी लाकडी कान कोरायला घेतला. सुरीवर अंगठ्याचा दाब, छोटे छोटे काप, मधेच थांबायचं, काकूंच्या हातात द्यायचं, कुठे टोचतंय विचारायचं, परत दोन काप. काकू म्हणाल्या जाड ठेवा, बारीक करू नका. का विचारलं तर त्यांनी पर्समधून क्रोशाची सुई काढली. सुईच्या दांड्याभोवती त्यांनी स्वतःच जाड मूठ वळवली होती. "जाड असलं की बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत." मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच. ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांना यातलं आम्हा दोघांपेक्षा जास्त कळत होतं.

आता अडचण अशी की लाकडी कान जाड झाला तर ठीक आहे, मातीचा जाड कान म्हणजे वजन वाढलं. आणि कपाची भिंत पातळ, कान जाड, तर वाळताना दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जोडावर तडा जातो. हे मी बोलत होते तेवढ्यात पलीकडच्या रांगेतल्या एक सीनियर ताई आल्या, त्याही भांडीच करतात. तसं बघितलं तर माझ्या थेट स्पर्धक, तेच गिऱ्हाईक, तीच वस्तू. त्यांनी लाकडी कान हातात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, पोकळ कर की. चाकावर बारीक नळी ओढ, अर्धवट वाळली की वाकव, टोकं कापून जोड. आणि आतल्या बाजूला टाचणीएवढं भोक ठेवायला विसरू नकोस, नाहीतर आत ओल अडकली तर भट्टीत वाफ होऊन फुटेल. शिवाय पोकळ कान लवकर तापत नाही. दोन मिनिटांत सगळं सांगून त्या आपल्या स्टॉलवर गेल्यासुद्धा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ते डोक्यातून जात नाही. इंग्लंडमधला जोसायाह वेजवूड, अठराव्या शतकातला कुंभार आणि भांड्यांचा मोठा कारखानदार, आपल्या प्रयोगांच्या नोंदी सांकेतिक खुणांमध्ये लिहायचा, कुणाला कळू नयेत म्हणून. लहानपणी देवी आल्या आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला, पायाने फिरवायचं चाक नीट चालवता येईना, म्हणून तो मातीच्या आणि ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, प्रयोगांकडे वळला, आणि पुढे १७६८ मध्ये त्याचा तो पाय कापावाच लागला. शरीर साथ देत नाही म्हणून कामाची रीत बदलणं कुंभारकामात किती जुनं आहे बघा. माणूस जबरदस्त, त्याच्या प्रयोगांचं ऋण आम्ही सगळे मानतो. पण ती लपवाछपवी मला कधीच पटली नाही. कारखान्याला ती परवडत असेल. एकटीने काम करणाऱ्या बाईला ती अजिबात परवडत नाही, कारण प्रत्येक तडा स्वतः अनुभवून शिकायचा म्हटलं तर एक जन्म पुरायचा नाही. मी आज जे पांढरं मॅट ग्लेझ वापरते ते मला दुसऱ्या एका कुंभारणीने टक्केवारीसकट लिहून दिलं होतं, माझ्याकडून ते आणखी कितीतरी जणींकडे गेलं, आणि प्रत्येकीच्या मातीवर ते थोडं वेगळंच दिसतं.

याच वेजवूडने भट्टीची उष्णता मोजायला मातीच्याच छोट्या ठोकळ्या वापरल्या होत्या, किती आकसल्या त्यावरून किती तापलं हे ताडायचं, आणि या कामासाठी १७८३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीत, तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत, घेतलं. आकसणं हाच तर आमचा रोजचा हिशोब. माझी माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. दादांनी कोरलेला कान आतून ८५ मिलिमीटर उंच होता, म्हणजे भाजून झाल्यावर माझा तेवढा हवा. इथे बरेचजण ८५ मध्ये १२ टक्के मिळवतात आणि ९५ धरतात, ते कमी पडतं. ८५ ला ०.८८ ने भागायचं, येतात ९६.६, म्हणजे ओला कान ९७ चा. दोन मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण सुजलेला सांधा मावतो की घासतो हे त्या दोन मिलिमीटरवरच ठरतं.

घरी आल्यावर कामाला लागले. कप उंच आणि अरुंद केला, म्हणजे पाण्याचा भार मुठीच्या जवळ राहतो. भार हातापासून जितका लांब तितकं मनगट जास्त पिळवटतं, रुंद पसरट कप म्हणूनच जड वाटतो. कानसुद्धा बाहेर फार न काढता उभा लांब ठेवला. जोडायच्या जागी दोन्हीकडे ओरखडे मारले, पातळ माती लावली, दाबून बसवला, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला, कारण पोकळ कान कपाच्या आधी वाळतो, त्याला मुद्दाम थांबवून धरावं लागतं. एकच करून चालत नाही, आम्ही नेहमी जास्तीचे करतो. पहिल्या भाजणीत, हजारेक अंशांना, काही कान जोडावर तडकले, ते होतंच. राहिलेल्यांना ग्लेझ दिलं, आतून गुळगुळीत, कानावर मॅट, हात ओला असला तरी सरकू नये म्हणून. आणि दुसरी भाजणी साधारण १२२० ला. भट्टी निवताना घाई करायची नाही, ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्‌झ एकदम आक्रसतं आणि तिथे गडबड झाली तर सगळं वाया. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि पहिला कप उचलला तो त्यातलाच. काट्यावर २४० ग्रॅम. चार बोटं आत, अंगठा त्या खळग्यावर. माझे सांधे ठणठणीत आहेत, पण मलासुद्धा तो बाकीच्या कपांपेक्षा बरा वाटला, आणि त्याचं मला नवलच वाटलं.

काकू पुढच्या प्रदर्शनात घ्यायला आल्या. मी कप समोर ठेवले आणि मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी एक उचलला. मग म्हणाल्या, यात पाणी भरून द्या. बरोबरच होतं की, रिकामा कप उचलून काय कळणार! चमचेवाल्या दादांनी बाटलीतून पाणी ओतलं. काकूंनी उजव्या हाताने कप उचलला, तोंडाला लावला, प्यायल्या, खाली ठेवला. पुन्हा उचलला. डावा हात सगळा वेळ मांडीवर होता. मग दुसरा कप भरून मागितला, तोही तसाच बघितला, आणि सांगितलं, "पहिला. दुसऱ्याचा कान खाली निमुळता होतोय, करंगळी दाबली जाते." मी दोन्ही कप मोजले होते, मला फरक सापडला नव्हता. घरी जाऊन पुन्हा मोजलं तर दुसरा खालच्या बाजूला खरंच दीड मिलिमीटर कमी भरला.

जपानमध्ये सोएत्सु यानागी नावाचा विचारवंत होऊन गेला, त्याने आणि त्याच्या कुंभार मित्रांनी १९२० च्या दशकात लोककलांची मोठी चळवळ उभी केली, १९३६ मध्ये तोक्योत त्यासाठी संग्रहालयही काढलं. रोजच्या वापरातल्या, नाव नसलेल्या कारागिराने केलेल्या वस्तूंमध्येच खरं सौंदर्य असतं असं त्याचं म्हणणं. वापरात सौंदर्य असतं हे मला शंभर टक्के मान्य. पण निनावी असण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. काकूंना हा कप मिळाला कारण करणारी समोर बसली होती, तिला विचारता आलं, अडवता आलं, करंगळी दाबली जाते म्हणता आलं. दुकानाच्या फळीवरच्या कपाला हे कसं सांगणार?

आणि काकूंनी कप नेला त्या दिवसाचं आणखी एक राहिलं. संध्याकाळी प्रदर्शन आवरताना आमची अदलाबदल चालते, तो माझ्या मते सगळ्यात मजेचा तास असतो. साबण करणारी मुलगी, जिचे साबण चार ते सहा आठवडे फळीवर मुरत असतात, ती वड्या घेऊन फिरते, वह्या शिवणारा मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली वही घेऊन येतो, नीळ रंगवणाऱ्या बाईंची नखं कायमची निळी आणि ओढण्यांचा ढीग हातात. नीळेच्या हौदातून कापड काढलं की ते हिरवट असतं आणि हवा लागली की डोळ्यादेखत निळं होत जातं, हे त्यांनी मला एकदा करून दाखवलं होतं. कुणी हिशोब करत नाही कुणाची वस्तू किती मोलाची. त्या संध्याकाळी काकू थांबल्या होत्या आणि सगळ्यांच्या वस्तू हाताळत होत्या. वही शिवणाऱ्याला त्यांनी टाके मोजून दाखवले, एक सैल आहे म्हणून. त्याने मान्य केलं. पुढच्या प्रदर्शनात त्यांना अर्धं टेबल द्यायचं आम्ही ठरवलंय, त्या जाड मुठीच्या क्रोशाच्या सुया करून ठेवणार आहेत, सुजलेल्या हातांसाठी. मूठ मातीची हवी की लाकडाची यावर त्यांचं आणि दादांचं अजून एकमत झालेलं नाही.

भांडी करणाऱ्यांसाठी मापं देऊन ठेवते, खुशाल वापरा. भाजल्यावर कानाची आतली उंची ८५ मिमी, कपाच्या भिंतीपासून आतलं अंतर ३० मिमी, कानाची जाडी १८ ते २० मिमी, पोकळ, भोक आतल्या बाजूला. वर अंगठ्यासाठी उथळ खळगा. कान वरून खालपर्यंत सारखाच रुंद, निमुळता अजिबात नको. ही एका हाताची मापं आहेत, त्यामुळे करण्याआधी ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या हातात मातीचा गोळा नक्की द्या. आणि तुमची माती किती आकसते ते तपासून मगच भागाकार करा.