टोपी पांढरी, हळद पिवळी

स्लाइड शो करायला बसलात की पॉवरपॉइंटमधलं 'फिल' हे बटण आधी विसरा. 'क्रॉप'खालच्या बारक्या बाणात ते दडलेलं असतं. फोटो चौकटभर पसरवायचा आणि मावणार नाही ते कापायचं, एवढंच त्याला येतं. त्याच्याच शेजारचं 'फिट' साधं आहे, अख्खा फोटो बसवतं आणि बाजूला रिकामी जागा सोडतं. ती जागा काळी ठेवली की हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे माझं मत मावशी-काकांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या तयारीत पक्कं झालं. लग्न १९७५ चं, कराडचं. स्टुडिओवाल्याने काढलेले कृष्णधवल फोटो, शिवाय काकांच्या भावाकडच्या आग्फा क्लिक थ्रीचे चौकोनी. त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसायचा आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे. आता हे चौकोन आजच्या १६:९ च्या स्लाइडवर 'फिल' करा. फोटोचा निम्म्याहून जरासा जास्त भाग उरतो, बाकी सगळा वरून आणि खालून जातो. पोस्टकार्डापेक्षा मोठ्या चार बाय सहा इंची प्रिंटचासुद्धा सुमारे सहावा हिस्सा जातो.

वरून-खालून काय मोठं जाणार, असं वाटतं. अंतरपाटाच्या फोटोत वर भिंतीवरचं घड्याळ होतं. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. काका आजवर सांगत आले की आमच्याकडचं लग्न सेकंदावर लागलं, उशीर झाला असेल तर तो तुमच्याकडच्या पंगतीला. घड्याळात पावणेएक वाजून गेलेत. मावशीला मी तो फोटो मोठा करून दाखवला तेव्हा ती नुसती हसली, आणि मग म्हणाली, "हा पहिला लाव." घड्याळ कापलं असतं तर तो फोटो इतर कुठल्याही अंतरपाटासारखा दिसला असता.

फोटो वाकडा असेल तर तो पॉवरपॉइंटमध्ये सरळ करायच्या फंदात पडू नका. तिथे गोल बाण फिरवला की फोटोबरोबर त्याची चौकटही फिरते, मग आतली माणसं सरळ आणि फोटो तिरका. शिफ्ट दाबून फिरवलं तर पंधरा-पंधरा अंशांनी उडी मारतो, ते आडव्या फोटोला उभं करायला ठीक. दोन अंशांचा कल काढायचा असेल तर विंडोजच्या फोटो ॲपमध्ये किंवा मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये काढा. सरळ करताना कोपरे थोडे जातातच, म्हणून हे काम आधी. आधी कापून मग सरळ करायला गेलात तर दोनदा कापलं जातं. पूर्वी हे पिकासामध्ये एका पट्टीवर व्हायचं, जाळीच्या रेघा दिसायच्या आणि मूळ फाइलला धक्का लागायचा नाही. गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते अजून चालतं, आणि म्हणूनच तो लॅपटॉप मी भंगारात देत नाही.

एक फोटो मात्र चांगला सरळ असूनही खटकत होता. बराच वेळ बघितल्यावर कळलं, ओळीतल्या सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर! आमच्या घरात गुजराती पद्धतीने साडी कुणी नेसत नाही. निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन झाली होती. 'फ्लिप हॉरिझाँटल' केलं आणि पदर जागेवर आले. दुकानाची पाटी फोटोत असेल तर हे लगेच कळतं, नसेल तर पदर बघा, पुरुषांच्या सदऱ्याची बटणपट्टी बघा.

रंगांना सगळ्यात जास्त वेळ गेला. त्या काळचे रंगीत प्रिंट अल्बममध्ये, अंधारात जपून ठेवले तरी बदलतात. कागदावर निळसर-हिरवट, पिवळा आणि किरमिजी असे तीन रंग असतात, त्यातला निळसर-हिरवट बऱ्याचदा आधी उडतो. उरतो तो लालसर, गुलाबी फोटो, सगळं घर कुंकवाच्या पाण्यात बुडवून काढावं तसा. पॉवरपॉइंटमधल्या 'कलर टोन'ने फक्त फोटो थंड किंवा उबदार होतो. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे हलवता येत नाहीत. त्यासाठी गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममधलं 'लेव्हल्स' उघडायचं आणि एकेक रंग स्वतंत्र धरून दोन्ही टोकं जागेवर आणायची. किंवा पांढऱ्याचा ड्रॉपर घेऊन जे खरोखर पांढरं होतं त्यावर टेकवायचा.

आणि लग्नाच्या फोटोत पांढरं काय असतं? गांधी टोपी. आजोबांची टोपी सापडली की अर्धं काम होतं. त्यांच्या टोपीला नीळ जरा सढळ हाताने पडायची, त्यामुळे ड्रॉपर टेकवला की फोटो किंचित पिवळट होतो. तेवढी निळाई हाताने परत द्यायची.

'ऑटो'वर विसंबू नका. मावसबहिणीच्या हळदीच्या फोटोवर मी ऑटो व्हाइट बॅलन्स करून बघितला. बहीण पिवळ्या अष्टपुत्रीत, अंगाला हळद, मागच्या बायकांच्या गालांनाही हळद. सॉफ्टवेअरला वाटलं फोटो पिवळा पडलाय, आणि त्याने इमानेइतबारे हळद धुऊन काढली. नवरी तापातून उठल्यासारखी दिसायला लागली. अशा फोटोत मागची चुन्याची भिंत किंवा स्टीलचं ताट शोधून त्यावरून रंग ठरवायचा, माणसांवरून नाही.

हॉलच्या प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडीच दिसतो, दिवे चालू असले तर आणखीच. गडद फोटो घरी थोडे उजळून न्यावेत, पण 'ब्राइटनेस' सरसकट वाढवून नाही. लेव्हल्समधला मधला बाण डावीकडे सरकवला की चेहरे उजळतात आणि टोप्यांचे नुसते पांढरे डाग होत नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. घरातला एक जावई आता जावई राहिलेला नाही, आणि तो बऱ्याच फोटोंत आहे. "काप त्याला," असा निरोप आला. कापलं. पण पॉवरपॉइंटमध्ये कापलेला भाग जात नाही, नुसता झाकला जातो. फाइल ग्रुपवर गेली आणि कुणी 'रीसेट पिक्चर अँड साइझ' दाबलं की माणूस परत हजर. म्हणून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन 'कापलेला भाग काढून टाका' अशा अर्थाच्या पर्यायावर खूण करायची, किंवा फाइल न देता व्हिडिओ द्यायचा. एका फोटोत मात्र काही केल्या जमेना, कारण त्याचा हात बहिणीच्या खांद्यावर होता. कसंही कापलं तरी चार बोटं उरायची. तो फोटो मी वगळला.

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा हे सांगायची गरज नसावी. व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर आधीच पिळून निघालेला फोटो तुमच्याकडे येतो.

वेळेचं एवढंच, की एका माणसाच्या फोटोला पाच सेकंद पुरतात. ग्रुप फोटोला बारा द्या, शक्य असेल तर जास्तच. हॉलमध्ये नावं मोठ्याने घेतली जातात, पहिल्या रांगेपासून. सतरंजीवर बसलेली पोरं संपून खुर्च्यांवरच्यांची सुरुवात होते तोच मागून कुणीतरी ओरडतं, "थांबव, थांबव, ती कोण?" स्पेसबारवर बसवायला म्हणून मी भाच्याला आधीच तयार ठेवलं होतं.