'सलोनिकाच्या माळ्यां'च्या मागावर: थेसालोनिकी ते बितोला

ग्रीसमधल्या थेसालोनिकीला, म्हणजे जुन्या सलोनिकाला, लोक समुद्रासाठी आणि खाण्यासाठी जातात. आम्ही गेलो ते एका फ्रेंच फौजेसाठी, हे ऐकून हॉटेलवाल्याने आम्हाला दोनदा विचारलं, "नक्की?"

पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१५ मध्ये, फ्रेंच जनरल सारायच्या हाताखाली 'आर्मे दोरियां', म्हणजे पूर्वेची फौज, इथल्या बंदरात उतरली. सर्बियाला वाचवायला आली होती, पण उशीर झाला. बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यावर वार्दर नदीच्या खोऱ्यात वर चढलेले शिपाई डिसेंबरमध्ये पुन्हा सलोनिकाला परतले आणि तारांच्या कुंपणामागे बसले. मागच्या बाजूला भाजीपाल्याचे वाफे केले, म्हणून फ्रेंच राजकारणी क्लेमांसोने त्यांना 'सलोनिकाचे माळी' म्हणून हिणवलं.

ही थट्टा किती खोटी, ते झेयटेनलिकच्या लष्करी दफनभूमीत कळतं. रेल्वे स्टेशनपासून लांगादा रस्त्याने गॅरेजं मागे टाकत चालत जाता येतं. सरूची झाडं दिसली की आलं समजा. फ्रेंच भागात ८,००० हून जास्त कबरी आहेत. क्रुसांच्या रांगांत मधूनच वेगळ्या घडणीचे दगड दिसतात, ते आफ्रिकेतून आणलेल्या मुस्लिम शिपायांचे. गोळीपेक्षा हिवतापाने इथे जास्त माणसं आडवी केली. वार्दर आणि स्ट्रुमा नद्यांच्या दलदलीत १९१६ च्या उन्हाळ्यात पलटणीच्या पलटणी इस्पितळात गेल्या. पुढे कोयनेल घेणं सक्तीचं झालं. शेजारीच सर्बियन भाग आहे, तिथे गर्दी असते. फ्रेंच बाजूला आम्ही दोघंच होतो. सकाळी लवकर जा. आम्ही पहिल्या दिवशी भर दुपारी गेलो आणि बंद फाटक बघून परतलो.

शहरात अरिस्टॉटल चौकात कॉफी पिताना एक लक्षात ठेवा: ऑगस्ट १९१७ च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, ७०,००० हून जास्त लोक बेघर झाले आणि नवा आराखडा ज्या फ्रेंच वास्तुरचनाकार एर्नेस्त एब्रारने आखला, तोही याच फौजेबरोबर आला होता. आपल्यासाठी आणखी एक थांबा म्हणजे मोनास्तिर रस्त्यावरची भारतीय दफनभूमी. ब्रिटिशांसोबत आलेली आपली माणसं तिथे आहेत. जागा लहान आहे, पण चुकवू नका.

मोनास्तिर म्हणजे आजचं बितोला, उत्तर मॅसेडोनियात. १९ नोव्हेंबर १९१६ रोजी फ्रेंच आणि सर्बियन फौजांनी ते घेतलं, पण भोवतीचे डोंगर शत्रूकडेच राहिले आणि १९१८ पर्यंत शहरावर तोफा पडत राहिल्या. इथल्या फ्रेंच दफनभूमीत १३,००० हून जास्त शिपाई आहेत. खरं सांगतो, झेयटेनलिकपेक्षा मला हीच जास्त लागली. गावाच्या कडेला, मागे पेलिस्टर डोंगर, आणि कोणी नाही.

जायचं कसं? थेसालोनिकीहून फ्लोरिनापर्यंत बस, पुढे सीमेपर्यंत टॅक्सी. भाडं आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही आणि भुर्दंड पडला. उत्तर मॅसेडोनिया शेंगेनमध्ये नाही, तेव्हा परत ग्रीसमध्ये यायचं असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवाच. पलीकडे देनार चालतात.

डोब्रो पोले या डोंगरी रणभूमीवर आम्ही गेलो नाही. १५ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रेंच सेनापती फ्रांशे देस्पेरेच्या फौजांनी तिथे बल्गेरियन फळी फोडली आणि दोन आठवड्यांत, २९ सप्टेंबरला, बल्गेरियाने सलोनिकात शस्त्रसंधीवर सही केली. 'माळ्यां'चं हे उत्तर बघायला जीप आणि वाटाड्या लागतो.

आणि ओडोमॉस न्या. वार्दरकाठचे डास अजून आहेत.